अळवावरचं पाणी आणि नामिबचा भुंगेरा

(चंदगड इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सकाळी तिलारीच्या बाजूनं येताना गाडीची काच तीनदा पुसावी लागली. ड्रायव्हर वैतागला होता. मी मनात म्हणलं, बरं झालं, संध्याकाळच्या विषयाची तयारी झाली. काचेवर जे जमलं ते हवेतलंच पाणी. गोळा करायला कुणी सांगितलं नव्हतं, काचेवर कसलं कोटिंगही नव्हतं. ही काच लक्षात ठेवा, आपण तिच्याकडं परत येणार आहोत.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. मागच्या महिन्यात इथल्याच घाटमाथ्यावरच्या एका वाडीतली दोन पोरं मला भेटायला आली. वाडीचं नाव घेत नाही. मोबाइलवर एक बातमी दाखवली. आफ्रिकेतल्या वाळवंटातला एक भुंगेरा पाठीवर धुकं पकडून पाणी पितो, शास्त्रज्ञांनी त्याच्या पाठीसारखा लेप तयार केला, तो पत्र्यावर मारला की हवेतून पाणी मिळतं. वाडीनं टाकीसाठी वर्गणी काढली होती. पोरांचा प्रश्न सरळ होता: सर, टाकीऐवजी हे घ्यायचं का?

मी लगेच "नको" म्हणालो नाही. म्हणलं वाचतो, मग सांगतो. वाचता वाचता लक्षात आलं, की हे निबंध विज्ञान म्हणून तर वाचायला हवेतच, पण कथा-कादंबरी वाचतो तसेही वाचायला हवेत. त्यांचा एक साचा बसलेला आहे. म्हणून आजचं बोलणं हे एका प्रकारच्या लेखनाची समीक्षा आहे असं समजा.

साचा असा. पहिल्या परिच्छेदात जगातली तहान. दुसऱ्या वाक्यात: वातावरणात सुमारे १३ हजार घन किलोमीटर पाणी तरंगतंय. मग निसर्ग येतो, लाखो वर्षांच्या उत्क्रांतीनं शहाणा झालेला. मग भुंगेरा. भुंगेऱ्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली सुंदर चित्रं. मग आलेख, त्यात लेखकांचा नमुना साध्या काचेपेक्षा दुप्पट-तिप्पट उंच. आणि शेवटी एक वाक्य, की कोरड्या प्रदेशांना याचा उपयोग होण्याची मोठी शक्यता आहे. त्या कोरड्या प्रदेशात निबंधाचा लेखक गेलेला असतोच असं नाही. (हशा)

आता त्या भुंगेऱ्याची गोष्ट सांगतो. तिच्यात एक गंमत आहे, आणि ती बातम्यांमध्ये येत नाही.

नामिबचं वाळवंट समुद्राला लागून आहे. पाऊस जवळजवळ नाही, पण समुद्रावरून धुकं येतं. १९७६ साली हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं, की ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस हा भुंगेरा धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीवर चढतो, वाऱ्याकडं तोंड करतो, डोकं खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेलं पाणी घरंगळून तोंडाशी येतं. हे त्यांनी तिथं राहून बघितलं होतं. त्यांच्या गोष्टीत पाठीपेक्षा वागणूक महत्त्वाची होती: कुठं चढायचं, कधी चढायचं, कसं उभं राहायचं.

पंचवीस वर्षांनी, २००१ च्या नोव्हेंबरात, पार्कर आणि लॉरेन्स यांचा दोन पानी निबंध त्याच 'नेचर'मध्ये आला. त्यांनी भुंगेऱ्याची पाठ बघितली. तिच्यावर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे उंचवटे, मधे मेणचट खळगे. उंचवट्याचा माथा पाण्याला धरणारा, खळगा पाण्याला झटकणारा. माथ्यावर थेंब धरतो, मोठा होतो, जड झाला की सुटतो आणि झटकणाऱ्या वाटेनं खाली पळतो. त्यांनी मेणात काचेचे मणी अर्धे रुतवून नक्कल केली, आणि ती साध्या मेणापेक्षा नि साध्या काचेपेक्षा जास्त पाणी धरते असं दाखवलं. कल्पना सुंदर आहे यात वाद नाही. पुढचं अख्खं क्षेत्र या दोन पानांवर उभं राहिलं. २००६ मध्ये एमआयटीतल्या झाई, कोहेन, रुबनर यांनी पाण्याला झटकणाऱ्या पृष्ठावर पाण्याला धरणारे ठिपके छापले. मग कोळ्याचं जाळं आलं, निवडुंगाचा काटा आला, घटपर्णीची निसरडी कड आली. अख्खं प्राणिसंग्रहालय!

पण या निबंधात भुंगेऱ्याचं नाव दिलं होतं स्टेनोकारा. धुक्यात डोकं खाली घालून उभं राहण्याची सवय नोंदली आहे ती ओनिमॅक्रिसच्या जातींत. म्हणजे उंचवटे एकाचे, सवय दुसऱ्याची. दोघांना जोडून एक तिसराच प्राणी तयार झाला आणि तो जगभर फिरला. हॅमिल्टन, हेन्शेल आणि सीली यांनी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या विज्ञान नियतकालिकात या विषयावर पुन्हा लिहिलं. पण 'नेचर' वाचणारे ते नियतकालिक वाचत नाहीत ना. २०१० मध्ये नॉरगार्ड आणि डाके यांनी चार जाती घेतल्या, काही उंचवट्यांच्या, काही बिनउंचवट्यांच्या. प्रयोगशाळेत धुकं सोडलं. डोकं खाली घालून उभी राहिली ती एकटी ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस, आणि तिच्या पाठीवर ते प्रसिद्ध उंचवटे नाहीत. पाणी मात्र सगळ्यांच्याच पाठीवर जमलं. फरक पडला तो मुख्यतः पाठीच्या आकारमानानं. पाठ मोठी, पाणी जास्त.

म्हणून काय पार्कर आणि लॉरेन्स खोटे ठरले? नाही. मेणातल्या मण्यांचा प्रयोग त्यांनी केला आहे, तो तसाच राहतो. माझी तक्रार त्यांच्यानंतरच्या लोकांशी आहे. २०१० नंतरही निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात तोच भुंगेरा, तीच पाठ, तेच वाक्य. एकानं दुसऱ्याचं वाचून लिहिलेलं. कीर्तनकार दृष्टान्त सांगतो तेव्हा ते खरंच घडलं का असं आपण विचारत नाही. इथं विचारायला हवं होतं, कारण इथं दृष्टान्तच पुरावा म्हणून वापरलाय.

आता पुढची चूक. ही वाडीच्या पोरांच्या पैशाशी थेट जोडलेली आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

धुकं आणि दव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुक्यात पाणी आधीच थेंब झालेलं असतं, बारीक, तरंगणारं. त्याला फक्त अडवायचं. दव पडतं तेव्हा हवेत पाणी वाफेच्या रूपात असतं. तिचं पाणी करायचं तर तिची उष्णता काढून घ्यावी लागते. शाळेत शिकलात ते, अप्रकट उष्मा. एक लिटर पाण्यामागं सुमारे २५ लाख ज्यूल. ही उष्णता कुठं तरी जायला पाहिजे. स्वच्छ रात्री एक चौरस मीटर पत्रा आभाळाकडं ८०-एक वॉट फेकतो असं धरा. दहा तासांत झाले २९ लाख ज्यूल. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी एक लिटर आणि वर थोडं. प्रत्यक्षात भोवतालची हवा पत्र्याला परत तापवत असते, त्यामुळं अर्धा लिटर मिळाला तर ती रात्र चांगली म्हणायची. या हिशेबात लेपावरची नक्षी कुठं आली का? नाही आली. नक्षी थेंबाला लवकर खाली पाठवते, पृष्ठ मोकळं करते, हा तिचा खरा फायदा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण आभाळाकडं किती उष्णता जाणार हे ती ठरवत नाही. माझ्या गाडीच्या काचेवर पाणी जमलं, ते काच थंड होती म्हणून.

भुंगेऱ्याची गोष्ट धुक्याची. ती उचलून दवाच्या यंत्रांना लावली. कित्येक निबंधांत हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात.

धुक्याचाही हिशेब करू. दाट धुक्यात एका घनमीटर हवेत पाणी असतं ग्रॅमच्या काही दशांशांइतकं. ०.२ ग्रॅम धरा. वारा सेकंदाला ३ मीटर. एक चौरस मीटर जाळीतून तासाला जातं सुमारे २ लिटर पाणी. जाळीनं पाचवा हिस्सा पकडला तरी ४०० ग्रॅम. कितीही हुशार लेप लावा, तो २ लिटरांच्या वर जाऊ शकत नाही, कारण तेवढंच पाणी तिथून गेलं. आता प्रयोगशाळेत काय होतं? दोन-चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा, त्याच्यापुढं काही सेंटिमीटरवर घरगुती ह्युमिडिफायरचं तोंड. त्यातून येणारी वाफ आपल्या ओढ्यावरच्या धुक्यापेक्षा कितीतरी दाट. निकाल देतात मिलिग्रॅम, दर चौरस सेंटिमीटर, दर तास. एखाद्यानं लिहिलं १००, तर तो झाला चौरस मीटरला तासाला एक लिटर, दिवसाला २४. बातमीदार २४ चा आकडा उचलतो. ह्युमिडिफायर घरीच राहतो. (हशा)

या क्षेत्रातलं जे मला मनापासून आवडलं तेही सांगितलं पाहिजे. नुसती तक्रार केली तर समीक्षा कसली. २०१३ साली 'लँगम्युअर' या नियतकालिकात एमआयटीच्या गटाचा निबंध आला, लेखकांत श्रीरंग छत्रे हे आपल्या ओळखीच्या वळणाचं नाव आहे. त्यांनी विचारलं, की जाळीचा धागा किती जाड असावा, भोकं किती मोठी असावीत, आणि लेप कशासाठी? त्यांचं उत्तर असं: धागा बारीक केला की धुक्याचे थेंब जास्त आदळतात, पण मग बारीक भोकं पाण्यानं बुजतात आणि वारा जाळीला वळसा घालून जातो. थेंब चिकटून राहू नये, लवकर सुटावा, एवढ्यासाठी लेप. नेहमीच्या जाळीपेक्षा पाचपट कार्यक्षमता शक्य आहे असं त्यांनी दाखवलं. लेपाला नेमकं काम दिलं, त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवली नाही. निबंध असा असावा.

आपल्या घरचं कामही या विषयाच्या अगदी शेजारी आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात ए. व्यंकटेश्वर राव यांची एअर ग्लास प्रयोगशाळा होती. सिलिका एरोजेल आणि पाण्याला झटकणारे सिलिकाचे लेप, हे तिथलं काम. तिथं शिकलेल्यांपैकी संजय लठ्ठे यांनी पुढं जतच्या राजे रामराव महाविद्यालयात स्वतःची स्वच्छता स्वतः करणाऱ्या पृष्ठांवर प्रयोगशाळा चालवली. जत! दुष्काळाचं नाव घेतलं की जे तालुके आठवतात त्यांतला एक. आणि त्या दुष्काळी तालुक्यातली प्रयोगशाळा पाणी झटकणाऱ्या लेपांवर काम करते, पण "आम्ही हवेतून पाणी पाडू" अशी दवंडी पिटत नाही. धूळ बसू नये, ओल शिरू नये, यासाठी हे लेप चांगले आहेत आणि तेवढंच ते म्हणतात. मला ही शालीनता मोठी वाटते.

हे झटकणं म्हणजे काय ते इथं कुणाला शिकवायला नको. अळवावरचं पाणी! जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये कमळाच्या पानाचं गुपित मांडलं, बारीक उंचवटे आणि त्यावर मेणाचे कण. त्यांच्या यादीत आपलं अळूही होतं. पण एक गोष्ट घरी जाऊन बघा. पावसाचा थेंब अळवावर पडला की मोत्यासारखा पळतो. तेच पान चहाच्या वाफेवर धरा. वाफ त्या उंचवट्यांच्या मधल्या फटींत शिरून तिथंच पाणी होते, आणि मग तेच पान पाण्याला चिकटून धरतं. कमळाच्या पानावर हा प्रयोग २००५ मध्ये चेंग आणि रोडाक यांनी केला होता. वरून पडणारं पाणी झटकणारा पृष्ठभाग आतून उगवणारं पाणी झटकेलच असं नाही. हवेतून पाणी काढायच्या लेपांची खरी अडचण ही आहे, आणि बऱ्याच निबंधांत ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात हळूच सांगितलेली असते. आणि हो, पहाटे अळवाच्या टोकाला जो थेंब लटकतो तो बहुतेक वेळा दव नसतोच. झाडानं मुळातून ओढलेलं पाणी पानाच्या कडेनं बाहेर टाकलेलं असतं. म्हणजे निसर्गाकडून शिकायचं तर आधी निसर्गाकडं नीट बघायला लागतं.

आमच्या आजोळी, बेळगावच्या बाजूला, आजी थंडीत हरभऱ्याच्या शेतात रात्री पातळ धुवट धोतर पसरायची. पहाटे ते पिळायचं. त्यातून निघायची आंब. हरभऱ्याच्या पानांवरच्या लवेतून आम्ल पाझरतं, त्यात दव मिसळतं, कापडात उतरतं. पोटदुखीला, अजीर्णाला थेंब थेंब वापरायची. महाराष्ट्रात आणि बाहेरही ही जुनी रीत आहे. माझ्या माहितीत हवेतलं पाणी कापडावर गोळा करायचं आपल्याकडचं हे सगळ्यात जुनं तंत्र. पण आजीनं त्या पाण्यावर कधी भात शिजवला नाही. किती निघतं ते तिला ठाऊक होतं: वाटीभर. औषधापुरतं.

वाटीभर म्हणजे किती, याचं शास्त्रीय मोजमापही आपल्या शेजारच्या राज्यात झालंय. कच्छमधल्या कोठारा गावी अहमदाबादच्या आयआयएमचे गिरजा शरण यांनी पत्र्याच्या छपरावरचं दव वर्षानुवर्षं मोजलं. हंगामभरात चौरस मीटरमागं मिळालं दहा लिटरांच्या आसपास. त्यांनी ते लपवलं नाही, फुगवलं नाही. कच्छच्या त्या किनारपट्टीत पाऊस कमी, भूजल खारट, तिथं दहा लिटर गोड्या पाण्यालाही अर्थ आहे. 'पूरक' हा त्यांचा शब्द होता, 'पर्याय' नव्हे.

आता तेच चंदगडला लावू. वाडीतल्या घराचं छप्पर ३० चौरस मीटर धरा. कोठाऱ्याइतकं दव मिळालं तर अख्ख्या हंगामात ३०० लिटर. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तसा दिवस इथं कुणाला नवा नाही, तर त्याच छपरावरून ३००० लिटर. एका दिवसात! शेजारी आंबोलीला वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या पुढं जातो. आपल्याकडं फाटकवाडी, जांबरे, जंगमहट्टी ही धरणं आहेत, घटप्रभा आणि ताम्रपर्णी आहेत. आणि तरी एप्रिल-मेमध्ये माथ्यावरच्या धनगरवाड्यांत बाया हंडे घेऊन झऱ्याला उतरतात. जांभा दगड पाणी धरत नाही, सड्यावरून ते वाहून जातं. इथं पाणी कमी पडतं म्हणून टंचाई नाही, ते थांबत नाही म्हणून आहे. पारगडावर जाऊन बघा. जुन्या लोकांनी गडावर तळी आणि विहिरी केल्या. धुकं तर त्यांच्याही वेळी होतंच, गुडघ्याएवढं. त्यांनी पाऊस साठवला.

आणि धुक्याचं वेळापत्रकही बघा. इथलं दाट धुकं जून ते सप्टेंबर, पाऊस कोसळत असताना. तेव्हा हवेतून पाणी काढायची गरज कुणाला? थंडीत दव आणि धुकं असतं, पण काजूवाल्याला विचारा, मोहरावर धुकं बसलं की तो काय म्हणतो. (हशा) मार्चनंतर, जेव्हा घशाला कोरड पडते, तेव्हा हवा दुपारी भाजते आणि रात्री फारसं दव नसतं. नामिबमध्ये आणि चिलीच्या किनाऱ्यावर धुकं आहे आणि पाऊस नाही, म्हणून तिथं ही विद्या जन्मली. चिलीतल्या चुंगुंगो गावाला १९९२ पासून डोंगरावरच्या जाळ्यांनी पाणी दिलं, चौरस मीटरमागं दिवसाला सरासरी ३ लिटर. साध्या प्लास्टिकच्या जाळ्या, शेडनेटच्या जातीच्या. लेप कसलाही नाही, भुंगेऱ्याचा निबंध यायला अजून नऊ वर्षं होती. ती योजना दहाएक वर्षांत मोडली. पाणी कमी मिळालं म्हणून नव्हे. फाटलेली जाळी कोण शिवणार, पाइप कोण बघणार, हे ठरलेलं नव्हतं आणि गाव टँकरकडं वळलं. यावर एकही नक्षीदार निबंध मला सापडला नाही.

अजून एक गोष्ट, लेपाच्या रसायनाची. पाण्याला झटकणाऱ्या कित्येक लेपांत फ्लोरिनची संयुगं असतात. यातली काही पर्यावरणात आणि शरीरात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून युरोपात २०२३ मध्ये त्या अख्ख्या कुटुंबावर बंदीचा प्रस्ताव आला. असा लेप घासला जातो, उन्हानं सुटतो. सुटून जातो कुठं? त्या पाण्यात, जे आपण पिणार. सिलिकावर आधारलेले, बिनफ्लोरिनचे लेप आहेत, कोल्हापूरच्या कामातही आहेत. पण बातमीत रसायनाचं नाव नसतं, भुंगेऱ्याचा फोटो असतो.

बोलायचं ते बोलून झालं. प्रश्न असतील तर घ्या.

(श्रोत्यांतून एक तरुण: "सर, म्हणजे हे संशोधनच बंद करायचं काय?")

अजिबात नाही. करा, पण इथं येऊन करा. माथ्यावर एक चौरस मीटरच्या दोन जाळ्या लावा, एक साधी, एक लेपाची, शेजारी शेजारी. खाली दोन कॅन ठेवा. पहिल्या पावसापासून पुढच्या मेपर्यंत रोज सकाळी किती भरलं ते वहीत लिहा. शाळेतली पोरंसुद्धा करतील. खर्च फार नाही. ती वही मला कुठल्याही सूक्ष्मदर्शकाच्या चित्रापेक्षा जास्त आवडेल. मे महिन्याचं पान कोरं निघालं तरी ते छापायचं, एवढी अट.

(मागून एक वयस्कर बाई: "त्या पोरांस्नी काय सांगितलासा शेवटी?")

टाकी बांधा म्हणलं. छपराला पन्हाळ लावा, पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या, मग टाकीत घ्या. टाकीवर झाकण पाहिजे, नाहीतर डास होतात. पोरांपैकी एकजण जरा हिरमुसला, त्याला भुंगेरा आवडला होता. त्याला म्हणलं, त्या दोन जाळ्यांची वही तू धर. जूनमध्ये लावतोय म्हणालाय.